शफीक, दोरवाल्यांचं असं झालं

शफीक, तू शेवटच्या फोनवर मला एकच गोष्ट विचारलीस. मी तब्येतीचं विचारलं तर "वो छोड़" म्हणालास, आणि मग म्हणालास, "दोरवालों का क्या होता रे भानू? जीतते क्या?" मला तेव्हा माहीत नव्हतं. शेवटचं प्रकरण रविवारी यायचं होतं. "सोमवारी सांगतो," म्हणालो, तर लगेच दम दिलास. "बताना नक्को. साथ में पढ़ेंगे. मेरे बिगर पढ़ा तो देख." रविवार आला. तू त्याच्या आधीच गेलास.

म्हणून हे लिहायला बसलोय. तू कधी जन्मलास, कधी नोकरीला लागलास, मागं कोण कोण आहे, हे सगळं कंपनीच्या नोटीस बोर्डावर लागलं. फोटोही लागला, ओळखपत्रावरचा, ज्यात तू नुकताच कुणाला तरी मारून आल्यासारखा दिसतोस. ते तुला माहीतच आहे. तुला जे माहीत नाही ते एवढंच, की दोरवाल्यांचं पुढं काय झालं. तेवढंच सांगायचंय. पण सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय का? आधी जुनं सांगतो. तुला ठाऊक असलं तरी ऐक, मला ते एकदा पहिल्यापासून आठवून बघायचंय.

दोरवाले म्हणजे एक जपानी चित्रकथा. शाळेतल्या पोरांची, रस्सीखेचीची, भाग भाग करत वर्षानुवर्षं चाललेली. तिचं जपानी नाव आपल्याला कधी नीट म्हणता आलं नाही आणि इंग्रजी नाव कुणी लक्षात ठेवलं नाही. आपल्या कंपनीच्या बसमध्ये ती 'दोरवाले' म्हणूनच चालली. पहिलं पुस्तक मी आणलं होतं, इंग्रजीतलं, औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून. कव्हरवर दोर दिसला म्हणून घेतलं. क्रीडा दिन जवळ आला होता, आणि तुमच्या प्रेस शॉपनं आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला रस्सीखेचीत दरवर्षी मातीत लोळवलं होतं. तुमच्याकडं पत्र्याच्या शीट उचलून उचलून दंड कमावलेले गडी, आमच्याकडं मापाचं गेज हातात धरून दिवसभर डोळे बारीक करणारे. म्हटलं, या पुस्तकात एखादा डाव सापडला तर बघू.

खरं कारण दुसरंही होतं. माझा बाप जाऊन फार दिवस झाले नव्हते. मेंढरांमागं जन्म काढलेला माणूस, पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत त्याचा जीव कधी रमला नाही. महिनाभर राहिला की म्हणायचा, "हितं हवाच नाय रे, नुसत्या भिताडी." गावी परत गेला आणि तिकडंच गेला. त्यानंतर मी बसमध्ये चढायचो, उतरायचो, मधे कुणाशी एक शब्द बोलायचो नाही. हातात पुस्तक असलं की कुणी बोलायला येत नाही, हा त्या पुस्तकाचा मोठाच फायदा होता.

मी ते पुस्तक आपण कुठलंही मराठी पुस्तक उघडतो तसं उघडलं. पहिल्याच पानावर आठ पोरं दोर ओढून जिंकलेली, एकमेकांच्या अंगावर पडून रडत असलेली. वा, म्हटलं, सुरुवातच विजयानं. मग पानागणिक एकेक पोरगा कमी होत गेला. आधी भांडणं झाली, मग ओळखीच पुसल्या. घटकाभरापूर्वी गळ्यात गळे घालणारे आता एकमेकांना नाव विचारत होते. बोलणंही तुटक, आधी उत्तर आणि मग प्रश्न. मला वाटलं, जपानी माणसं अशीच बोलत असतील, आपल्याला काय माहीत. शेवटच्या पानावर एकच पोरगा उरला. त्यानं मैदानाच्या कडेच्या झाडाला दोर बांधला होता आणि तो एकटाच ओढत होता. मी पुस्तक मिटलं तेव्हा बस गोलवाडीच्या पुलावर होती आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

तू शेजारच्या सीटवर होतास. तोवर आपली ओळख 'काय, कसं काय' एवढीच. तू दोराच्या त्या टोकाला, मी या टोकाला. "क्या हुआ मियाँ?" तू विचारलंस. कुणीतरी विचारायचीच वाट बघत असल्यासारखी मी ती सगळी गोष्ट सांगितली. आठ जण कसे जिंकले आणि कसे एकेक करून निघून गेले, आणि शेवटी ते पोरगं झाडाशी कसं खेळत बसलं. मागच्या पुढच्या सीटवरची माणसं वळून ऐकायला लागली. ड्रायव्हर सुखदेवमामा आरशातून बघत म्हणाले, "खरं हाय बाबा. माणसं अशीच जात्यात, एकेक करून."

मग तू माझ्या हातून पुस्तक घेतलंस. सिल्लोडच्या उर्दू शाळेत शिकलेला माणूस तू. सवयीनं ते उजवीकडून उघडलंस, दोन पानं वाचलीस, माझ्याकडं बघितलंस, आणखी दोन वाचलीस. आणि जो हसत सुटलास, की मामांनी ब्रेकवर पाय ठेवला. "अरे भानू! उल्टा पढ़ा रे तू! जपानी किताब है, अपने उर्दू के जैसी इधर से चलती. ये पोट्टा पहले अकेला है. बाकी सब बाद में आते!" खरं तर अशा पुस्तकांत चुकीच्या बाजूला एक पान असतं म्हणे, 'थांबा, इकडून वाचू नका' असं सांगणारं. गाडीवरच्या त्या प्रतीतलं ते पान फाटलेलं होतं.

नगर नाक्याच्या गर्दीत बस अडकली आणि तू मला माझीच गोष्ट सुलटी वाचून दाखवलीस. पोरगा झाडाला दोर बांधून एकटा ओढतो. एक जण येऊन हसतो, दुसऱ्या दिवशी तोच मागं उभा राहून दोर धरतो. मग तिसरा, चौथा. मला तुझा राग आला होता, शफीक. माझं हक्काचं रडणं तू काढून घेतलंस असं वाटलं. घरी गेलो, तेच पुस्तक उजवीकडून परत वाचलं, आणि बाप गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो. बायको ताटाकडं बघतच राहिली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. किती सोमवार आले आणि गेले, सांगायला काय झालं होतं?

सुखदेवमामा मात्र अजूनही म्हणतात की भानूनं वाचली तीच खरी गोष्ट, शफीकची नुसती पुस्तकातली. तू त्यांच्याशी त्यावर इतका भांडलास की एकदा तुझा स्टॉप मागं राहिला.

पुढचे भाग तुझ्या अल्फियानं फोनवर मिळवून दिले. तेव्हा ती दहावीला होती, आणि बापाला इंग्रजी शिकवायची ही संधी तिनं सोडली नाही. दर रविवारी नवं प्रकरण यायचं. ती तुला अवघड वाक्यं समजावून द्यायची आणि तू सोमवारी तयारीनिशी यायचास. जाताना आपली बस झोपलेली असते. येताना, वाळूजहून गाडी सुटली की, मामा टेप बंद करायचे आणि आपली वाचणी सुरू व्हायची. नुसतं वाचायचं नाही असं तूच ठरवलंस. सोंगं वाटून घ्यायची. आपल्या शाळेची पोरं माझ्या बोलीत बोलतील आणि समोरच्या शाळांची तुझ्या दखनीत.

जपानी नावं तर पहिल्याच आठवड्यात गळून पडली. सगळ्यांवर ओरडणारा कप्तान पाटील झाला. त्यांना शिकवणारी म्हातारी बाई आत्याबाई झाली. आणि दोराच्या अगदी शेवटी उभा राहणारा, खांद्यावरून दोर घेऊन मागं रेलणारा तो धिप्पाड, अबोल पोरगा, त्याला पेंट शॉपच्या कुणीतरी 'खांब' म्हटलं आणि ते नाव बसलं. खांब दुसऱ्या गावाहून आलेला होता, म्हणून आपल्या शाळेचा असूनही तो तुझ्याकडं आला. तूही प्रेस शॉपचा शेवटचा गडी, त्यामुळं कुणी हरकत घेतली नाही.

मी ओरडायचो, "आरं पाय रोवा! बसायचं नाय, बसला की फाऊल! खांबा, हायस का रं मागं?" आणि तू म्हणायचास, "हौ." खांबाला त्याहून जास्त बोलणं नसायचंच. पण तुझ्या एका 'हौ'वर बस हसायची आणि दुसऱ्या 'हौ'वर चिडीचूप व्हायची. चित्रं बघायला फोन सीटवरून सीटवर फिरायचा, आणि तो परत हातात येईस्तोवर आपण दोघं थांबायचो. एका प्रकरणात पानंच्या पानं दोर जागचा हलत नाही. नुसते तळवे, मनगटं, घामानं डोळ्यांत गेलेले केस. मला वाटलं लोक कंटाळतील. तर तेवढा वेळ बसमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

ती गोष्ट चांगलीच होती रे. माझं वाचन काही फार नाही, पण एवढं कळतं. तिच्यात कुणी एकटा हिरो नव्हता, असूच शकत नव्हता, कारण आठ जणांचा दोर एकानं ओढला जात नाही. आणि ती बाई किंवा बाप्या, जो कोण ती चित्रं काढत होता तो, हरलेल्यांना सोडून द्यायचा नाही. मॅच संपली की जिंकलेले राहिले बाजूला, हरलेली पोरं घरी कशी जातात, वाटेत पाव घेऊन कसे खातात, आईला काय सांगतात, ते दाखवायचा. तुला तीच पानं जास्त आवडायची. म्हणायचास, "जीतने वाले का क्या, उसकू तो कोई भी पूछता."

तू मला पाटील का दिलास ते मला फार उशिरा कळलं. पाटील सारखा ओरडतो. जो माणूस बसमध्ये तोंड उघडत नव्हता, त्याला तू दर सोमवारी घसा बसेपर्यंत ओरडायला लावलंस. नंतर मी मंगळवारीही बोलायला लागलो, बुधवारीही. तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, उलट "ये भान्या अब चुप नहीं बैठता" म्हणून माझ्याच तक्रारी केल्यास.

आणि तो क्रीडा दिन! आम्ही क्वालिटीवाले लपूनछपून दोरवाल्यांसारखा सराव करत होतो. हिसके द्यायचे नाहीत, सगळ्यांनी एका श्वासात रेलायचं, पाय उचलायचा तो सगळ्यांनी एकदम. तुम्ही नेहमीसारखे अंगाच्या जोरावर आलात. पहिल्या ओढीत तुम्ही जिंकलात, दुसरीत आम्ही, आणि तिसरीत सगळी प्रेस शॉप तोंडावर आली. मी धावत गेलो तर तू दोर खांद्यावर तसाच घेऊन पालथा पडलेला आणि पोट धरून हसतोयस. "किताब तेरी, पढ़ना मैं सिखाया, और मेरेकूच हराया!" कँटीनची भजी तू स्वतः माझ्यापुढं आणून ठेवलीस आणि त्यातली निम्मी स्वतःच खाल्लीस. पुढच्या वर्षी तुम्हीही पाय मोजून टाकायला शिकलात आणि आमचा माज उतरवलात, पण ते जाऊ दे.

मग अल्फियानं सांगितलं की मालिका संपणार, काहीच प्रकरणं राहिलीत. त्या दिवशी आपण जे भांडलो ते भांडण अजून अर्धंच आहे. मी म्हणालो, संपवायची कशाला, पाटलाचा धाकटा भाऊ दाखवा, त्याची टीम काढा, लोक वाचतायत ना! तू म्हणालास, "बिरयानी अच्छी है बोलके कितनी खाना? पतीला बंद करने का भी टाइम रहता." बरं, संपवा म्हटलं, पण शेवटची मॅच दाखवा आणि आपली पोरं जिंकवा, इतकी वर्षं ओढलंय, एवढं तरी पदरात पडू दे. तर तू म्हणालास, निकाल दाखवणारच नाहीत. "सीटी बजी, दोर तना, किताब बंद. जीतना हारना अपने अपने घर." मी म्हटलं, ही फसवणूक झाली. तू म्हणालास, "फसवणूक कैसी? तू देखा क्या अपना निकाल? फिर भी रोज काम पे आता ना?" बस दोन्हीकडून तुटून पडली. मामा तुझ्या बाजूनं होते, आश्चर्यच.

तेव्हा तुझं दुखणं सुरू झालं होतं. आम्हाला सांगताना तू "शुगर थोड़ी बढ़ी" एवढंच म्हणायचास. चेहरा सुजायचा, चढताना दांडी धरायचास, आणि कुणी विचारलं की चिडायचास. तुला सगळं ठाऊक असणार, म्हणूनच तू न दाखवलेल्या शेवटाची बाजू घेत होतास, असं मला आता वाटतं. किंवा नसेलही, तुला नुसतं माझ्याविरुद्ध बोलायचं असेल. तेही तुझ्या स्वभावात बसतं. हे विचारायचं राहिलं.

तू दवाखान्यात गेलास तरी सोमवार चुकला नाही. रुखसानाभाभी तिकडं तुझ्या कानापाशी फोन धरून बसायच्या आणि इकडं आम्ही आमचा फोन स्पीकरवर ठेवून मधल्या सीटवर ठेवायचो. मी ओरडायचो, "खांबा, हायस का रं मागं?" आणि खरखरीतून तुझं "हौ" यायचं. कधी उशिरा यायचं. तेवढ्या वेळात सगळी बस त्या फोनकडं बघत राहायची. एका सोमवारी भाभी मधेच म्हणाल्या, "भाईजान, आज बस करो, थक गए ये," तर मागून तुझाच आवाज आला, "थका नहीं मैं. पढ़ रे." मी वाचलं. शेवटून दुसरं प्रकरण होतं ते. अखेरची मॅच, दोन ओढी झालेल्या, एकेक वाटून गेलेली. तिसरीची शिट्टी वाजते, दोर ताठतो, आणि पान संपतं.

मातीला आम्ही बरेच जण आलो होतो. अर्धी बस युनिफॉर्मवर होती. मामांनी सुट्टी टाकली आणि बाहेर रिक्षात बसून राहिले, आत येऊन बघवेना म्हणाले. मी तीन मुठी माती दिली. हात बराच वेळ झटकायचा राहिला.

रविवारी फोन वाजला, नवं प्रकरण आलं म्हणून. मी उघडलं नाही. सोमवारी बस वाळूजहून निघाली, मामांनी सवयीनं टेप बंद केला, आणि तसाच बंद ठेवला. कुणी विषय काढला नाही. फोन सगळ्यांच्याच खिशात आहे, कुणालाही घरी बसून वाचता आलं असतं. पेंट शॉपच्या एकाला त्याच्या मेव्हण्यानं शेवट सांगायचा प्रयत्न केला, तर हा जेवणाच्या ताटावरून उठून गेला. पुढचा सोमवार तसाच गेला, त्याच्या पुढचाही. मला वाटायला लागलं की हे असंच राहिलेलं बरं. दोर ताठलेला, शिट्टी वाजलेली. न वाचलं तर तुझंच म्हणणं खरं राहतं. आणि वाचायचं तर खांबाचं कुणी म्हणायचं? तुझी दखनी माझ्या तोंडी नकलेसारखी वाटते. तुझी नक्कल मला करायची नव्हती.

मग तुझ्या लॉकरमधलं सामान द्यायला मी घरी गेलो. डबा, हातमोजे, टोपी. भाभींनी चहा दिला. अल्फिया दाराशी उभी राहून म्हणाली, "चाचा, मैंने भी नहीं पढ़ा. अब्बू बोले थे, पहले भानूचाचा पढ़ेंगे, बस में. मैं रुकी हूँ." मी म्हटलं, "बेटा, आता नको." ती तुझ्यासारखीच आहे. म्हणाली, "मतलब मैं कभी नहीं पढ़ना क्या?"

मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग वाच की. लई झालं आता. पोरीला आडवून ठिवतो व्हय?"

या सोमवारी वाचलं. गोलवाडीचा पूल उतरल्यावर मामांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. एरवी जरा उशीर झाला की घरून फोन येणारी माणसं, कुणी घड्याळ बघितलं नाही. अल्फियाला फोन लावून मधल्या सीटवर ठेवला. फोनमधून त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि ती बंद झाली.

तर शफीक, असं झालं. बराच वेळ काहीच होत नाही. नुसते तळवे आणि दोर. मग दोरावरची मधली लाल खूण त्यांच्या बाजूला बोटभर सरकते. मग वीतभर. पाटील ओरडतो, मी ओरडलो. आणि मग एका लहानशा चौकटीत पंचाचा हात वर जातो, समोरच्या बाजूला. आपली पोरं हरली. तू म्हणालास निकाल दाखवणार नाहीत, मी म्हणालो जिंकणार. दोघंही तोंडावर पडलो. बसमध्ये कुणीतरी "च्यक" केलं, एवढंच.

पण पुढचं पान ऐक. ते खांबाच्या जागेवरून काढलंय. इतकी वर्षं आपण त्या पोरांचे चेहरे बघत आलो, आणि इथं पहिल्यांदा त्यांच्या सात पाठी दिसतात. भिजलेले बनियन, मानेवरचे केस, एकाच्या शर्टाची उसवलेली शिवण. खांबाला सगळा वेळ हेच दिसत होतं. माझा बाप म्हणायचा, मेंढरं सांभाळायची तर मागं राहावं लागतं, पुढं चालणाऱ्याला कळप दिसत नाही. ते पान मी दाखवायला फिरवलं आणि फोन परत यायला फार वेळ लागला. प्रत्येक जण त्याकडं जास्त वेळ बघत होता. सगळ्यांना तूच दिसत होतास.

शेवटच्या पानावर सगळे अजून दोर धरूनच आहेत. अंग सैल पडलंय, कुणी रडतंय, पण हात सुटत नाहीत. खांब तसाच मागं रेललेला, दोर खांद्यावर. शेवटच्यानं आधी सोडला तर पुढचे सगळे हिसक्यानं पडतात, म्हणून तो थांबलाय. पाटील वळून बघतो. त्याच्या मागोमाग बाकीचेही वळतात. "खांबा, संपलं रं. सोड की आता," मी म्हटलं. आणि थांबलो.

सवयीनं थांबलो, शफीक. पुढची ओळ तुझी होती. सगळी बस थांबली. फोनमधून अल्फियाचा श्वास ऐकू येत होता, तीही थांबली होती. मग मीच म्हटलं. तुझ्या दखनीत नाही, माझ्याच बोलीत, जसं आलं तसं. "तू सोड आधी. मी हाय ना मागं."

खाली 'समाप्त' होतं. तेवढं मी वाचलं नाही.

अल्फियानं विचारलं, "चाचा, मतलब हारे ना?"

"हरले, बेटा."

"अब्बू होते तो लड़ते आपसे."

"लई," मी म्हटलं. ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मागून भाभी तिला जवळ घेत असाव्यात. मामांनी पाठीमागं न बघता गाडी सुरू केली.

घरी आल्यापासून ती ओळ डोक्यातून जात नाही. पुस्तकात ती खांबाची आहे, बसमध्ये ती तुझी होती, आणि शेवटी ती माझ्या तोंडी आली. आता मला कळतंय की मी ती पाटलाला म्हणत नव्हतो. तू इतके दिवस ताणून धरलंस, आम्ही पडू नये म्हणून 'शुगर' म्हणालास, थकलो नाही म्हणालास. झालं आता. बसमध्ये सगळे ठीक आहेत, अल्फियानं शेवट ऐकलाय.

सोड, शफीक. तू सोड आधी. मी हाय ना मागं.